बाज, मांडव आणि लोखंडी कैची

आज मी एका अगदी घरगुती वस्तूपासून सुरुवात करणार आहे. ही वस्तू म्हणजे ओसरीवरची सुंभाची बाज. दुपारची भाकरी खाऊन आपण बाजेवर अंग टाकतो. पाठीखाली काय असते? पाहू गेले तर सुंभाचे फेरे, आणि फेऱ्याफेऱ्यांच्या मध्ये भोके. पण पाठीला ती भोके जाणवत नाहीत. एखाद्या जाड, ताणलेल्या कापडावर आपण पडलो आहोत, असेच तिला वाटते. आता उठा आणि त्याच बाजेवर टाच रोवून उभे राहून बघा. टाच दोन फेऱ्यांच्या मधून खाली घुसते, आणि घरातले वडील माणूस ओरडते, "अरे, बाज मोडशील!"

बाज तीच, माणूस तोच, वजनही तेच. निजलेल्या माणसाला जी अखंड चादर वाटते, ती उभ्या माणसाला सुट्या सुट्या दोऱ्यांची जाळी वाटते. ह्या दोन अनुभवांमध्ये इमारती, पूल आणि विमाने बांधणाऱ्यांच्या शास्त्रातला एक मोठा विचार दडलेला आहे. तो असा : शेकडो दांड्यांची किंवा तारांची जाळी असेल, तर तिच्या जागी एकच अखंड पदार्थ आहे, असे समजून हिशेब करता येईल काय? येत असेल तर केव्हा? आणि तसे समजणे घातक केव्हा ठरते? ह्या तीन प्रश्नांविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. विषय शास्त्राचा असला तरी त्याची उदाहरणे आपल्या शिवारात आणि आपल्या शाळेच्या छपरात आहेत.

आपला नाशिक जिल्हा द्राक्षांचा. द्राक्षाच्या मांडवाकडे पाहा. खांबांच्या रांगा, त्यांवर उभ्या-आडव्या तारा, तारांवर वेल आणि वेलांना लोंबणारे घड. प्रत्येक तारेवर किती घड आहेत, प्रत्येक घडाचे वजन किती, असे मोजत बसलो तर हंगाम संपून जाईल. शेतकरी तसे मोजत नाही. तो म्हणतो, एकरी अमुक टन माल आहे. समजा, एकरी दहा टन माल धरला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे दर चौरस फुटाला पाव किलोला थोडे कमी इतका भार झाला. लाखो मणी आणि हजारो घड होते, त्यांचा आपण एक सारखा थर करून टाकला. हा झाला भाराचा सारखेपणा. हाच सारखेपणा तारांनाही लावता येतो. "दर फुटाला इतक्या तारा" असे म्हटले, की तारांची जाळी नाहीशी होऊन तिच्या जागी एक पातळ, ताणलेली चादर येते. मग ती चादर मध्यभागी किती झोळ खाईल, हे दोन ओळींच्या गणिताने निघते.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे एक शब्द मुलांना सांगण्यासारखा आहे. ह्या कल्पित चादरीला 'सममूल्य अखंड पदार्थ' म्हणतात. सममूल्य म्हणजे किमतीला सारखा. तो जाळीसारखा दिसत नाही, पण ओढले असता जाळी जितकी ताणते तितकाच तोही ताणतो. दाबले असता जितकी दबते तितकाच दबतो. व्यवहारात जशी शंभर रुपयांची नोट आणि शंभर सुटे रुपये, तसेच हे. बाजारात नोट न्यावी हे सोयीचे. पण चहाच्या टपरीवर सुटेच लागतात, हेही विसरू नये.

आता ही किंमत ठरवावयाची कशी? त्यासाठी खिशातला सुती रुमाल काढा. त्याच्या दोन समोरासमोरच्या कडा धरून, धाग्याच्या दिशेने ओढा. रुमाल फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. रुमाल चांगला लांबतो आणि मधोमध आकसतो. शिंपी ह्याला उरेब म्हणतात; गळ्याची पट्टी लावताना ते मुद्दाम उरेब कापड घेतात, कारण ते वळणावर नीट बसते. धागा तर तोच आहे. मग दिशा बदलताच कापडाचा स्वभाव का बदलला? कारण उभ्या-आडव्या धाग्यांची घरे चौकोनी आहेत, आणि चौकोन तिरका ओढला की त्याचा शंकरपाळा होतो. त्यात एकही धागा लांबत नाही. नुसते कोन बदलतात.

हाच प्रयोग वर्गात बांबूच्या कामट्यांनी करता येतो. चार कामट्या टोकाला एकेका टाचणीने जोडा. चौकोन लटपटतो. तिघींचा त्रिकोण करा. तो हलत नाही. चौकोनात एक कर्णाची कामटी घाला, की तोही ताठ उभा राहतो. १८६४ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाने ह्याचा हिशेब मांडला. सपाट सांगाड्यात जितके सांधे असतील त्यांची दुप्पट करावी आणि त्यातून तीन वजा करावे; ताठपणासाठी निदान तितक्या दांड्या लागतात. चौकोनाला चार सांधे. दुप्पट आठ, त्यातून तीन गेले, पाच राहिले. आपल्याकडे चारच कामट्या होत्या, म्हणून तो लटपटला. त्रिकोणाला तीन सांधे. दुप्पट सहा, वजा तीन, उरले तीन. बरोबर तितक्याच कामट्या आहेत. शाळेच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैचीत जिकडे तिकडे त्रिकोणच का दिसतात, ह्याचे उत्तर ह्या छोट्या वजाबाकीत आहे.

आता थोडे आकडे घेऊ. समजा, एक सेंटीमीटर रुंद आणि एक सेंटीमीटर जाड अशा लोखंडी सळ्यांची चौकोनी जाळी केली, आणि दोन सळ्यांमधले अंतर दहा सेंटीमीटर ठेवले. सळईच्या दिशेने ओढताना दर दहा सेंटीमीटर रुंदीत एकच सेंटीमीटर लोखंड काम करते. म्हणून ह्या जाळीच्या सममूल्य पदार्थाचा ताठपणा त्या दिशेने लोखंडाच्या एक दशांश. आडव्या दिशेनेही तितकाच. पण सांधे सैल असतील, तर तिरक्या दिशेने तो जवळजवळ शून्य. जाळीत लोखंड किती लागले? सुमारे एक पंचमांश जागेत लोखंड, बाकी हवा.

तितकेच लोखंड घेऊन समभुज त्रिकोणांची जाळी केली, तर काय होईल? तिचा ताठपणा लोखंडाच्या एक पंधरांश निघतो. चौकोनी जाळीच्या एक दशांशापेक्षा हा कमी आहे, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण हा एक पंधरांश प्रत्येक दिशेला मिळतो. उभे ओढा, आडवे ओढा, तिरके ओढा, जाळी सारखेच वागते. चौकोनी जाळी म्हणजे रेषा असलेले लाकूड. रेषेच्या दिशेने मजबूत, दुसरीकडे कमजोर. त्रिकोणी जाळी म्हणजे पत्रा. त्याला उभे-आडवे नाही. म्हणजे जाळीच्या घराचा आकार बदलला, की सममूल्य पदार्थाची जातच बदलते. नुसते वजन सांगून भागत नाही.

ह्याचे आणखी ठळक उदाहरण मधमाशीच्या पोळ्याचे. पोळ्याची घरे षट्कोनी असतात. दोन जाळ्या करा. एक त्रिकोणांची आणि एक षट्कोनांची. दोन्हींत लोखंड जागेच्या दहाव्या हिश्श्याइतकेच असू द्या. कडेने दाबली असता त्रिकोणी जाळीचा ताठपणा लोखंडाच्या तिसाव्या हिश्श्याइतका भरतो; षट्कोनी जाळीचा सुमारे साडेसहाशेव्या हिश्श्याइतकाच. वजन सारखे, पण ताठपणात वीसपटींहून अधिक अंतर! कारण त्रिकोणात दांड्या लांबीने ओढल्या किंवा दाबल्या जातात, आणि षट्कोनात त्या वाकतात. काडी ओढून तोडणे कठीण, वाकवून मोडणे सोपे, हे आपल्याला ठाऊकच आहे. मात्र तेच पोळे आडवे ठेवून घरांच्या खोलीच्या दिशेने दाबले, तर ते फार ताठ असते. म्हणून विमानाच्या काही भागांत दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये अशा षट्कोनी घरांचा थर घालतात. भाग हलका होतो आणि वाकतही नाही. आपल्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. विमानाचा आराखडा करणारा माणूस अशा थरातले प्रत्येक घर वेगळे मोजत नाही. त्या थराच्या जागी तो एक सममूल्य पदार्थ धरतो आणि पुढे जातो.

आता विमानावरून रेल्वेकडे येऊ. नाशिकहून मुंबईला जाताना इगतपुरी सोडली, की गाडी थळ घाट उतरू लागते. ह्यालाच आपण कसारा घाट म्हणतो. १८६५ साली हा घाट रेल्वेला खुला झाला. नऊ मैलांहून थोड्या अधिक अंतरात सुमारे ९७० फूट चढावयाचे होते. वाटेत एहेगावची खोल दरी होती. तिच्यावर सुमारे ७५० फूट लांब आणि १८० फुटांवर उंच असा पूल बांधला गेला, आणि त्यावर त्रिकोणी जाळीच्या लोखंडी तुळया चढवल्या गेल्या. त्या काळी त्रिकोणी तुळई ही तशी नवीच गोष्ट होती. जेम्स वॉरेन ह्याने तिचे पेटंट घेतले ते १८४८ साली.

अशी तुळई मोजावयाची कशी? वरची पट्टी, खालची पट्टी, आणि मध्ये नागमोडी जाणाऱ्या तिरक्या दांड्या. एक मार्ग असा, की प्रत्येक सांध्याशी थांबून प्रत्येक दांडीतला ताण काढावयाचा. दुसरा मार्ग आपल्या आजच्या विषयाचा : सबंध तुळई म्हणजे एकच भरीव तुळई आहे असे समजावयाचे. वरची पट्टी दाब सोसते, खालची ओढ सोसते. लाकडी तुळईतही वरचे तंतू दबतात आणि खालचे ताणतात. ह्या मार्गाने एक सुरेख गोष्ट कळते. दोन पट्ट्यांमधले अंतर एका फुटाचे दोन फूट केले, तर पट्ट्यांचे लोखंड तितकेच राहून वाकण्याला होणारा विरोध चौपट होतो. कैची उंच का करतात, ह्याचे उत्तर एका वाक्यात मिळाले. हजार दांड्यांचे हजार आकडे पाहून ते चटकन मिळाले नसते.

पण इथेच पहिला खड्डा आहे. शंभर पानांची वही दोन्ही हातांत धरून वाकवा. पाने एकमेकांवरून सरकतात आणि वही सहज वाकते. तीच पाने खळीने चिकटवून टाका. वही पाटीसारखी ताठ होते. तुळईतही वरचा भाग खालच्या भागावरून सरकू पाहतो. भरीव लोखंडी तुळईत हे सरकणे इतके थोडे असते, की हिशेबात ते सोडले तरी चालते. जाळीच्या तुळईत मात्र सरकणे थोपवावयाचे काम त्या बारीक तिरक्या दांड्यांवर पडते. त्या जितक्या बारीक, तितके सरकणे अधिक. म्हणून जाळीच्या जागी भरीव तुळई धरताना तिच्या अंगी वाकण्याचा गुण तर द्यावाच लागतो, शिवाय सरकण्याचा गुणही द्यावा लागतो. तो विसरला, तर पूल कागदावर जितका झुकतो त्याहून प्रत्यक्षात अधिक झुकतो.

खांबांच्या बाबतीत ही चूक अधिक महाग पडते. चार लोखंडी पट्ट्या उभ्या करून त्यांना तिरक्या बारीक पट्ट्यांनी बांधले, की जाळीचा खांब तयार होतो. विजेच्या मनोऱ्यांत आणि जुन्या पुलांत असे खांब दिसतात. १८९१ साली फ्रीडरिक एंगेसर ह्या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले, की असा खांब तितक्याच लोखंडाच्या भरीव खांबापेक्षा कमी भाराला मान टाकतो. आणि किती कमी, ते त्या बांधणाऱ्या पट्ट्यांवर अवलंबून असते.

सोळा वर्षांनी, १९०७ साली, कॅनडात क्वेबेक येथे सेंट लॉरेन्स नदीवर एक अवाढव्य लोखंडी पूल बांधला जात होता. त्याचा मधला गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता, तो पुढे १८०० फुटांचा केला. पण वाढलेल्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने केला गेला नाही. खालच्या बाजूला दाब सोसणाऱ्या ज्या प्रचंड दांड्या होत्या, त्यांपैकी प्रत्येक दांडी लोखंडी पट्ट्यांना बारीक जाळीने बांधून केलेली होती. काही दिवस आधीपासून ह्या दांड्यांना वाक आलेला जागेवरच्या लोकांना दिसत होता. बातमी घेऊन माणूस न्यूयॉर्कच्या सल्लागाराकडे पोचला तो २९ ऑगस्टला. त्याच दिवशी सायंकाळी पूल कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. चौकशीत निघाले, की त्या दाबाच्या दांड्या आणि त्यांना बांधणाऱ्या जाळीच्या पट्ट्या फार कमकुवत होत्या. सबंध दांडीकडे पाहिले तर लोखंड भरपूर होते. पण ते लोखंड एकत्र बांधून ठेवणाऱ्या किरकोळ पट्ट्या किरकोळच राहिल्या होत्या.

श्रोतेहो, आपल्याकडे एका हिशेबी कारकुनाची गोष्ट सांगतात. बायकोमुलांना घेऊन तो नदी ओलांडावयास निघाला. त्याने चार ठिकाणी खोली मोजली, सरासरी काढली, घरातल्या माणसांच्या उंचीचीही सरासरी काढली. उंची अधिक भरली. तो म्हणाला, "चला, काही धोका नाही." मधल्या डोहात लेकरे बुडाली. काठावर येऊन त्याने पुन्हा हिशेब केला, तर हिशेब तंतोतंत बरोबर! सममूल्य पदार्थ हीसुद्धा एक सरासरीच आहे. ती खोटी नसते. पण डोह कुठे आहे, हे ती सांगत नाही.

मग ह्या पद्धतीवर विश्वास ठेवावयाचा केव्हा? बाजेने हे आपल्याला आधीच सांगितले आहे. भार किंवा वाक जाळीच्या अनेक घरांवर पसरलेला असेल, निदान आठदहा घरे तरी त्याच्याखाली येत असतील, तर जाळीला चादर म्हणावे. भार एकाच घरावर आला, तर प्रत्येक दोरी वेगळी धरावी. एहेगावच्या पुलावर गाडी आली असता सबंध तुळई किती झुकेल, हे भरीव तुळई धरून काढता येईल. पण एंजिनाचे एक चाक ज्या जागी टेकले आहे, तिथल्या दांडीचे आणि तिथल्या रिव्हेटचे काय होते, हे त्या हिशेबातून कळणार नाही. तीच गोष्ट कडेची. मांडवाच्या मधल्या भागात चादरीचा हिशेब ठीक चालतो. पण सगळ्या तारांची ओढ अखेर कडेच्या खांबावर आणि त्याच्या तणाव्यावर येते. तिथे चादर संपते आणि एक खांब, एक तणावा, एक गाठ उरते. अवकाळी पावसात भरला मांडव उभा राहतो की आडवा होतो, हे पुष्कळदा त्या गाठीवर ठरते.

आता आपल्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की अखंड पदार्थ म्हणून काही खरोखर असतो का? प्रश्न मोठा मार्मिक आहे. लोखंड आपल्याला अखंड दिसते, पण तेही अणूंची जाळीच आहे. १८२१ साली नाव्हिये ह्या फ्रेंच अभियंत्याने, पदार्थ म्हणजे एकमेकांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या कणांचा समूह आहे असे मानून, ताण आणि लवचिकपणाची समीकरणे मांडली. म्हणजे ह्या शास्त्राचा जन्मच जाळीकडून अखंडाकडे जाण्यात झाला. आपल्या गंगापूर धरणाची भिंत मातीची आहे. तिच्यात मातीचे कण किती, हे कोण मोजणार? नाशिकला १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. आपण तिला 'मेरी' म्हणून ओळखतो. अशा संस्थांत मातीचा नमुना दाबून पाहतात, आणि त्या मुठीएवढ्या नमुन्याचे गुण सबंध बांधाला लावतात. इथेही कणांच्या जागी सममूल्य पदार्थच धरलेला असतो.

गंमत अशी, की शास्त्र ह्या वाटेने उलटेही चालले. १९४१ साली हरेनिकॉफ ह्या अभियंत्याने भरीव पत्र्याच्या जागी दांड्यांची जाळी धरली आणि पत्र्याचे अवघड गणित जाळीच्या सोप्या गणिताने सोडवले. त्या वाटेने पुढे पदार्थाचे लहान लहान तुकडे पाडून संगणकाने हिशेब करण्याची पद्धत आली. आज पूल, धरण, मोटारगाडी, सगळ्यांचे हिशेब त्या पद्धतीने होतात.

संगणक आला, तर मग प्रत्येक दांडी वेगळीच का मोजू नये? सममूल्य पदार्थाची गरज काय उरली? पुष्कळ उरली. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत अवकाशात उभारावयाच्या प्रचंड सांगाड्यांचा विचार सुरू झाला. त्यांत हजारो दांड्या असणार होत्या. नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अशा सांगाड्यांच्या जागी अखंड तुळई आणि अखंड पत्रा धरण्याची रीत मांडली. आणि अलीकडे तर यंत्राने थरावर थर चढवून केसासारख्या बारीक दांड्यांच्या जाळ्या तयार करता येतात. मुठीएवढ्या तुकड्यात लाखांनी दांड्या असू शकतात. अशा जाळीला आता सांगाडा न म्हणता पदार्थच म्हणतात. २००१ साली विक्रम देशपांडे, फ्लेक आणि ॲशबी ह्यांनी केंब्रिजमध्ये अशाच एका त्रिकोणी घडणीच्या जाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. देशपांडे हे मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. त्या जाळीत प्रत्येक सांध्याला बारा दांड्या मिळतात, आणि मुख्य दिशेने तिचा ताठपणा भरलेल्या लोखंडाच्या प्रमाणाचा सुमारे नववा हिस्सा असतो. ताठपणा भरलेल्या लोखंडाच्या सरळ प्रमाणात उतरतो, हे महत्त्वाचे. दांड्या जिथे वाकतात अशा स्पंजासारख्या पदार्थात तो त्याहून फार झपाट्याने उतरतो. कामट्यांच्या त्रिकोणात पाहिलेलीच गोष्ट ही.

परंतु संगणक आला म्हणून डोह नाहीसा झाला नाही. अमेरिकेत हार्टफर्ड येथे एका क्रीडागृहावर जाळीदार लोखंडी सांगाड्याचे भव्य छप्पर होते. त्याचे हिशेब संगणकाने केलेले होते. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते सबंध छप्पर खाली आले. काही तासांपूर्वीच तिथे सुमारे पाच हजार लोक खेळ पाहून घरी गेले होते. म्हणून जीवितहानी झाली नाही. वरच्या दाबाच्या दांड्या मध्यावर घट्ट धरलेल्या आहेत, असे हिशेबात मानले होते. प्रत्यक्षात कडेच्या दांड्यांना तसा आधार पुरेसा नव्हता. संगणकाने जे सांगितले ते बरोबरच सांगितले. पण त्याला दाखवलेली जाळी आणि छपरावरची जाळी एक नव्हती.

म्हणून, श्रोतेहो, ह्या साऱ्या विवेचनातून घरी नेण्याजोगी गोष्ट एवढीच. पुष्कळांच्या जागी एक धरावे. त्यावाचून मोठी कामे होत नाहीत. घरांचा आकार कसा ठेवावा, उंची किती घ्यावी, लोखंड कुठे घालावे, हे सगळे त्या एकाकडे पाहूनच सुचते. पण तो एक मोजून झाला, की पुन्हा पुष्कळांकडे परत यावे. त्या अखंड पदार्थातला ताण पुन्हा दांडीदांडीत वाटून पाहावा आणि विचारावे : ह्यातली सर्वांत बारीक दांडी टिकते का? सर्वांत कडेचा सांधा टिकतो का?

शिक्षक मंडळींनी पावसाळ्यापूर्वी एक दिवस मुलांना घेऊन शाळेच्या छपराखाली उभे राहावे. वर चढावयाचे कारण नाही, खालूनच बघावे. कैचीत त्रिकोण किती आहेत, ते मुलांना मोजू द्यावे. कोणती दांडी दबत असेल आणि कोणती ओढली जात असेल, ह्याचा तर्क करू द्यावा. मग सांध्यांकडे नजर वळवावी. कुठे गंज धरला आहे काय, कुठे बोल्ट सैल आहे काय, कुणी पंखा किंवा झोपाळा टांगण्यासाठी दांडीच्या मधोमध भार दिला आहे काय? कैचीचा भार सांध्यावर यावा, दांडीच्या मध्यावर नव्हे. मध्यावर आला की दांडी वाकू लागते. काही संशयास्पद दिसले, तर गावच्या पंचायतीला कळवावे आणि जाणत्या अभियंत्याकडून पाहून घ्यावे. क्वेबेकच्या लोकांना वाक दिसला होता. दिसले आणि वेळेवर थांबले, ह्या दोन गोष्टींत जे अंतर पडले, त्यात ७५ माणसे गेली.

शेतकरी बंधूंनीही मांडवाकडे असेच पाहावे. एकरी टनांचा हिशेब झाला, की मालाने वेल भरण्यापूर्वी कडेने एक फेरी मारावी आणि प्रत्येक तणावा हाताने ओढून बघावा. मधल्या शंभर तारा त्याच्याच भरवशावर आहेत.

आणि संध्याकाळी थकून बाजेवर पाठ टेकाल, तेव्हा त्या अखंड चादरीचे सुख खुशाल घ्या. मात्र सुंभाची एखादी दोरी झिजलेली असेल, तर ती सकाळी बदलावयास विसरू नका.